वनस्पतींच्या सहवासात : भूक निजविणारा खोबा

भूक लागावी म्हणून औषध घेणारा मनुष्य आणि भूक लागू नये म्हणून औषध शोधणारा मनुष्य, हे दोन्ही नमुने आपल्या परिचयाचे आहेत. पहिल्यासाठी आजीबाईच्या बटव्यात आले, ओवा, हिंग, सैंधव अशी भरगच्च सामग्री असते. दुसऱ्यासाठी मात्र बटवा जवळजवळ रिकामाच. आणि ते साहजिकही आहे, कारण ज्या समाजात दर चार-दोन वर्षांनी दुष्काळ पडे, तेथे भूक मारण्याची हौस कोणास असणार? तरीही आपल्या पूर्वजांच्या नजरेतून तीही गोष्ट सुटली नव्हती. गौरी-गणपतीच्या पत्रीत आपण जो आघाडा वाहतो, त्याच्या बियांची दुधात शिजविलेली पेज भूक नाहीशी करते, असे चरकसंहितेत सांगितले आहे. परंतु आज ज्या वनस्पतीची हकीकत सांगावयाची, ती आघाड्याप्रमाणे कुंपणाकडेला उगवणारी नव्हे. ती आहे दक्षिण आफ्रिकेच्या व नामिबियाच्या रखरखीत प्रदेशातली, आणि तिच्या नावावर गेल्या पाऊणशे वर्षांत प्रयोगशाळा, कारखाने, न्यायतज्ज्ञ व व्यापारी यांनी एवढे मोठे नाट्य घडविले आहे की, ते मराठी वाचकांपुढे यावयासच हवे.

शास्त्रीय परिभाषेत तिचे नाव हूडिया गॉर्डोनाय. तेथील मूळ रहिवासी तिला ज्या नावाने हाक मारतात, त्याचा उच्चार आपल्या लिपीत ‘खोबा’ असा काहीसा होतो. मात्र त्या शब्दाच्या आरंभी जीभ टाळूला लावून सोडताना होणारा ‘टक्’ असा ध्वनी असतो, आणि तो लिहिण्याची सोय देवनागरीत नाही. आपण बैलाला हाकताना जो आवाज काढतो, तसले ध्वनी त्यांच्या भाषांत पुरी व्यंजने म्हणून नांदतात. गोऱ्या वसाहतवाल्यांनी या जातीच्या वनस्पतींना ‘घाप’ असे सुटसुटीत नाव दिले, तेही मूळचे तद्देशीयांचेच.

दिसावयास खोबा निवडुंगासारखा आहे. बुंध्यापासून फुटलेले हिरवट-करडे, मांसल, उभे दांडे, त्यांवर ओळीने गाठी व प्रत्येक गाठीवर एक काटा, पाने नाहीतच. जुने झाड कमरेइतके उंच होते व त्याला डझनावारी दांडे फुटतात. पण निवडुंगाशी त्याचे नाते मुळीच नाही. खरे निवडुंग अमेरिका खंडातले. हा आहे आपल्या रुईच्या व अनंतमुळाच्या कुळातला. वाळवंटात राहावयाचे म्हणजे पाणी साठवावे लागते, पाने टाकावी लागतात, काटे धारण करावे लागतात. गरज एक असली की दोन परकी कुळे एकाच वेषात दिसू लागतात. पाण्याची काटकसर तर एवढी की, खोब्याच्या अंगावरची रंध्रे दिवसा मिटलेली राहतात आणि रात्रीच्या गारव्यातच उघडतात.

रुईचा वंश ओळखावयाचा तर शेंगा पाहाव्यात. शिंगांच्या जोडीसारख्या दोन शेंगा, आणि त्या फुटल्या की म्हातारीच्या कापसाप्रमाणे रेशमी झुबके घेऊन उडणारे बी. फूल मात्र विलक्षण. बशीच्या आकाराचे, तळहाताएवढे, कातडीच्या रंगाचे. आणि वास कुजलेल्या मांसाचा. रणरणत्या उन्हात मधमाशीची वाट पाहण्यापेक्षा माशीलाच फसवून बोलवावे, असा या वनस्पतीचा हिशेब आहे. फूल पाहून मोहित झालेला प्रवासी नाक जवळ नेतो आणि दोन पावले मागे सरतो.

या खोब्याची भावंडे आपल्याकडेही आहेत, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. दख्खनच्या माळरानांवर खडकांच्या कपारीत बोटाएवढ्या जाडीचे, चौकोनी, पानविरहित दांडे उभे असतात. आपल्यात त्यांना माकडशेंग किंवा शिंदळ माकडी म्हणतात. बेळगावकडच्या वाचकांनी कानडीत ‘मंगन कोडू’, म्हणजे माकडाचे शिंग, हे नाव ऐकले असेल. हैदराबादच्या वाचकांसाठी तर एक गंमतच आहे. तेलुगूत हिला ‘कुंदेटि कोम्मु’, म्हणजे सशाचे शिंग म्हणतात. आपल्या नैयायिकांनी जगात जे असूच शकत नाही त्याचा दाखला म्हणून ‘शशशृंग’ पुढे केले, आणि तेलंगणातील गुराखी ते खुशाल मोडून मिठाबरोबर खात आले! या माकडशेंगेची कच्ची देठे, भाजी, चटणी व लोणचे दक्षिणेतील अनेक वन्य व ग्रामीण जमातींच्या आहारात आहे. लांबच्या रपेटीत ती चघळली की भूक-तहान जाणवत नाही, असा त्यांचाही अनुभव. याच गोतावळ्यातील आणखी एक झाड म्हणजे शिंदळ माकुडी, शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने जुन्नरच्या परिसरातून तिची नोंद केली आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचे नाव तिला दिले. महाराष्ट्राबाहेर जगात कोठेही ती आपोआप उगवत नाही. शिवनेरीच्या कड्यावर ती आहे. एवढ्या ऐतिहासिक किल्ल्यावर जाऊन आलेल्या हजारोंपैकी किती जणांनी तिच्याकडे पाहिले असेल, कोण जाणे.

असो. खोब्याकडे वळू.

कलहारीच्या वाळवंटात व त्याच्या आसपास राहणारे सान लोक हे आफ्रिकेच्या दक्षिण भागातील सर्वांत प्राचीन रहिवासी. ‘बुशमन’ या नावाने आपल्या शालेय भूगोलात त्यांची ओळख होत असे. शिकार व कंदमुळे हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा चरितार्थ. बाणाला लावलेले विष मंद असते; जखमी हरिणाचा माग काढीत शिकाऱ्याला कधी कधी दिवसच्या दिवस चालावे लागते. त्या वाटेवर खोब्याचा दांडा कापावा, काटे खरवडून काढावेत आणि आतला गर काकडीप्रमाणे कच्चा खावा, हा त्यांचा परिपाठ. चव कडवट. पण त्याने पोटातली आग निवते, घशाची कोरड जाते आणि माणूस चालत राहतो. पोटदुखीवरही तो देतात. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. सान मनुष्य खोबा खातो तो शिकार मिळेपर्यंत. शिकार मिळाली की सगळा तांडा वाटून पोटभर जेवतो. भूक कायमची घालविणे हा त्याचा हेतू कधीच नव्हता. भूक पुढे ढकलणे एवढाच होता.

युरोपीयांच्या कागदावर ही वनस्पती अठराव्या शतकाच्या अखेरीस आली. लंडनजवळच्या क्यू येथील राजोद्यानाने फ्रान्सिस मॅसन नावाच्या माळ्याला १७७२ साली केपच्या प्रदेशात वनस्पती गोळा करण्यास पाठविले होते. त्याने १७९६ पासून प्रसिद्ध केलेल्या सचित्र ग्रंथात या वर्गातील एक जात तेथील लोक खातात, अशी नोंद आहे. ‘गॉर्डोनाय’ हे विशेषनाम ज्याच्यावरून पडले तो कर्नल रॉबर्ट गॉर्डन हा केपमधील डच फौजेचा प्रमुख. मुलूखगिरीबरोबर चित्रे काढण्याचा त्याला नाद होता, व खोब्याचे चित्र त्याने काढले होते. इंग्रजांनी केप घेतले त्याच वर्षी, म्हणजे १७९५ साली, त्याने आत्महत्या केली. ‘हूडिया’ हे पहिले पद लंडनमधील हूड नावाच्या एका निवडुंगप्रेमी गृहस्थावरून आलेले आहे. म्हणजे झाड सान लोकांचे, आणि नावात एक डच सेनापती व एक लंडनचा हौशी माळी! वनस्पतिशास्त्रातील नामकरणाचा हा अन्याय जगभरचाच आहे. शिवनेरीच्या झाडाला गव्हर्नरसाहेबांचे नाव पडले, तोच प्रकार.

पुढचा अंक १९६३ साली सुरू होतो. दक्षिण आफ्रिकेच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने देशातील खाद्य रानवनस्पतींची तपासणी हाती घेतली. आपल्या दिल्लीच्या परिषदेचे व हिचे नाव एकच आहे, तेव्हा घोटाळा होऊ देऊ नये. त्या तपासणीत खोब्याचा अर्क दिलेल्या प्राण्यांचे खाणे कमी झाले, वजन उतरले. बाकी विषारी लक्षणे दिसली नाहीत. कारणीभूत द्रव्य वेगळे काढण्यास पुढे दोन-तीन तपे लागली, कारण तेवढी सूक्ष्म उपकरणे त्या वेळी नव्हती. अखेर १९९५ साली परिषदेने त्या द्रव्यासंबंधी एकस्वासाठी अर्ज केला. १९९७ मध्ये ‘फायटोफार्म’ या ब्रिटिश कंपनीस त्याचा परवाना मिळाला. तिने त्यास ‘पी ५७’ हे नाव दिले, आणि १९९८ साली ‘फायझर’ ही बलाढ्य अमेरिकन कंपनी भागीदार झाली. पाश्चात्त्य देशांत लठ्ठपणा ही मोठी व्याधी होऊन बसली होती. तिच्यावर निसर्गाने दिलेले निर्धोक औषध सापडले, या वार्तेने भांडवलवाल्यांचे डोळे चकाकले.

या सर्व व्यवहारात सान लोकांना कोणी विचारलेदेखील नाही. २००१ साली लंडनच्या वृत्तपत्रांतून ही गोष्ट फुटली, तेव्हा कंपनीच्या प्रमुखांचे म्हणणे असे प्रसिद्ध झाले की, ज्या लोकांपासून हे ज्ञान आले ते आता अस्तित्वात नाहीत, असा आपला समज करून देण्यात आला होता. त्या समयी आफ्रिकेच्या दक्षिण भागात सुमारे एक लाख सान लोक जिवंत होते! एवढेच नव्हे, तर १९९९ च्या मार्च महिन्यात दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने खोमानी सान लोकांचा जमिनीवरील दावा मान्य करून त्यांस पस्तीस हजारांहून अधिक हेक्टर जमीन परत देण्याचा करार केला होता. १९३१ साली वन्य पशूंसाठी राष्ट्रीय उद्यान करताना ज्या भूमीतून त्यांना पुढे हुसकावण्यात आले, तिच्यालगतची ही जमीन. एका खात्याने ज्यांना समारंभपूर्वक जमीन द्यावी, त्यांनाच दुसऱ्याच्या कागदपत्रांत मृत गणले जावे, यावर भाष्य काय करावे?

सान लोक गप्प बसले नाहीत. त्यांची नवी परिषद उभी राहिली, रॉजर चेनेल्स हे विधिज्ञ त्यांच्या बाजूने उभे झाले. न्यायालयात जाऊन एकस्व रद्द करवून घ्यावे, की ते राहू देऊन त्यातील वाटा मागावा, असा पेच होता. रद्द करविले तर मान राहील, पण हाती काही येणार नाही. वाटा घ्यावा तर आपले ज्ञान दुसऱ्याची मालमत्ता आहे हे मान्य केल्यासारखे होते. त्यांनी वाटाघाटीचा मार्ग धरला. २००२ च्या मार्चमध्ये परिषदेने मान्य केले की, हे ज्ञान मूळ सान लोकांचे आहे. आणि २००३ च्या मार्चमध्ये कलहारीत रीतसर करारावर सह्या झाल्या. संशोधन परिषदेला जे स्वामित्वशुल्क मिळेल त्याचे सहा टक्के, व औषधाच्या प्रगतीच्या टप्प्यांवर मिळणाऱ्या रकमांचे आठ टक्के सान लोकांस द्यावयाचे ठरले. हे सहा टक्के औषधाच्या विक्रीचे नव्हेत, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. विक्रीचा काही अंश कंपनीकडून फायटोफार्मला, त्याचा काही अंश परिषदेला, आणि त्या अंशाचे सहा टक्के! माझ्या मते त्यांनी दुसरे काही करणे शक्य नव्हते. तरीही प्राचीन ज्ञानाच्या मालकांना वाटा देणारा जगातील अगदी प्रारंभीच्या करारांपैकी तो एक म्हणून त्याचे महत्त्व मोठे आहे.

हळदीची गोष्ट येथे आठवल्यावाचून राहत नाही. जखमेवर हळद लावण्याबद्दल अमेरिकेत १९९५ साली एकस्व दिले गेले. आपल्या परिषदेने, जिचे महासंचालक त्या वेळी गोव्यातील माशेल गावचे सुपुत्र डॉ. रघुनाथ माशेलकर होते, ते लढून १९९७ साली रद्द करविले. आपण जिंकलो, कारण हळदीचा तो गुण आपल्या ग्रंथांत व छापील नियतकालिकांत लिहून ठेवलेला होता. सान लोकांचे ज्ञान मुखोद्गत; आणि मॅसनसारख्याने काही लिहिले असले तरी एकस्व होते ते झाडावर नव्हे, तर त्यातून काढलेल्या अर्कावर व द्रव्यावर. लिपी असलेल्यांना जो आधार मिळाला, तो त्यांना नव्हता. आपल्या देशातही लिपीबाहेरचे लोक आहेतच. केरळच्या अगस्त्यमलय पर्वतात १९८७ साली शास्त्रज्ञ फिरत असता बरोबरचे काणी जमातीचे वाटाडे एक रानफळ खाऊन न थकता चढत होते. त्यांच्याकडून कळलेल्या त्या ‘आरोग्यपच्च’ वनस्पतीपासून औषध झाले. १९९५ साली दहा लाख रुपये व दोन टक्के शुल्क यांवर ते एका औषधालयास दिले गेले, आणि त्यातील निम्मा हिस्सा काणी लोकांसाठी राखला गेला. सान लोकांच्या कराराआधीची ही गोष्ट, तिचा अभिमान बाळगण्यास हरकत नाही.

करार तर झाला. परंतु त्याच वर्षी फायझरने अंग काढून घेतले. २००४ च्या डिसेंबरात ‘युनिलिव्हर’ पुढे आली. गोळीऐवजी पेयात व खाद्यपदार्थात अर्क मिसळून विकण्याचा तिचा बेत होता, व त्यासाठी आफ्रिकेत लागवडही झाली. इकडे बाजारात निराळाच गोंधळ माजला. अमेरिकन दूरचित्रवाणीवर बातमीदार बाईंनी वाळवंटात जाऊन खोब्याचा तुकडा खाल्ला व दिवसभर भूक लागली नाही असे सांगितले. त्यासरशी ‘हूडिया’ लिहिलेल्या गोळ्यांचा पूर आला. झाड वाढण्यास वर्षे लागतात, आणि बाटल्या मात्र लाखांनी विकल्या जाताहेत, हा हिशेब कसा जुळावा? जुळत नव्हताच. तपासलेल्या कित्येक नमुन्यांत खोब्याचा अंशही नव्हता. ज्यांत होता, त्यांच्यासाठी रानातली झाडे चोरट्यांनी उपटली. २००४ साली बँकॉकच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत हूडियाच्या सर्व जातींचा समावेश व्यापार-नियंत्रणाच्या यादीत करावा लागला, तो यामुळेच.

२००८ साली युनिलिव्हरनेही माघार घेतली. कारणे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगावरून कळतात. वजन अधिक असलेल्या पण अन्यथा निरोगी अशा ४९ स्त्रियांवर तो पंधरा दिवस केला गेला. काहींना शुद्ध अर्क दिला, काहींना नुसताच तसा दिसणारा पदार्थ. दोन्ही गटांच्या खाण्यात व वजनात लक्षणीय फरक पडला नाही! उलट अर्क घेणाऱ्या स्त्रियांत मळमळ अधिक, रक्तदाब व नाडीची गती वाढलेली, आणि यकृताच्या कार्याशी संबंधित काही द्रव्यांचे रक्तातील प्रमाणही वाढलेले आढळले. त्यापूर्वी २००४ साली उंदरांच्या मेंदूत हे द्रव्य थेट टोचले असता त्यांचे खाणे चाळीस ते साठ टक्क्यांनी घटले होते. पण मेंदूत टोचणे निराळे आणि तोंडाने घेणे निराळे. पोटात गेलेले द्रव्य तेवढ्या प्रमाणात मेंदूपर्यंत पोहोचेल याची हमी नाही.

मग सान लोकांचा अनुभव खोटा काय? मला तसे म्हणवत नाही. ताजा, पाणीदार, कडू गर चालत्या शिकाऱ्याने खाणे आणि सुखवस्तू गृहिणीने वाळल्या अर्काची मात्रा घेऊन पंगतीस बसणे, या दोहोंची तुलना होऊ शकत नाही. ज्याच्यासमोर अन्नच नाही त्याची भूक थोपविणे, आणि ज्याच्यासमोर भरलेले ताट आहे त्याचा हात थोपविणे, ही कामे भिन्न आहेत. दुसरे काम पोटाचे नसून मनाचेच अधिक.

आपल्या माकडशेंगेचा अर्कही आता वजन उतरविणारा म्हणून देशोदेशी विकला जातो. तेव्हा तिच्याविषयी दोन शब्द. बंगळूरात पन्नास प्रौढ स्त्री-पुरुषांवर साठ दिवस, दररोज एक ग्रॅम अर्क देऊन झालेला प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. भूक कमी झाली, कमरेचा घेर काहीसा उतरला. वजनात मात्र नुसत्या पदार्थाच्या तुलनेत नजरेत भरेल असा फरक नव्हता. एवढ्या पुराव्यावर महागड्या कुप्या विकत घ्याव्यात असे मला वाटत नाही. रक्तदाबाचे, मधुमेहाचे वा यकृताचे रुग्ण, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांनी तर वैद्यांस विचारल्याविना असल्या गोळ्यांच्या वाटेस जाऊच नये. माळावर फिरताना माकडशेंग दिसली तर ती ओळखावी, पण तोंडात घालण्याचे धाडस जाणत्या माणसाखेरीज करू नये. तिच्याशेजारीच विषारी चिकाचे शेर-निवडुंग उभे असतात, आणि कोवळेपणी दोन्ही सारखेच दिसतात. मोडल्यावर पांढरा चीक वाहू लागला तर ती माकडशेंग नव्हे; तिचा रस पाण्यासारखा असतो. मात्र शिंदळ माकुडी कोठे आढळली तर मोडूनही पाहू नये. ती एवढी थोडी उरली आहे.

सान लोकांना खोब्यापासून मिळालेला पैसा थोडकाच ठरला, कारण औषध बाजारात आलेच नाही. पण करार कसा करावा, कोणी सही करावी, आपल्यात वाटणी कशी व्हावी, हे ते त्यात शिकले. २०१७ साली त्यांनी आपल्याकडे येणाऱ्या संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता प्रसिद्ध केली. २०१९ च्या नोव्हेंबरात, जगभर चहासारख्या प्यायल्या जाणाऱ्या रॉयबॉस या त्यांच्या प्रदेशातील झुडपाबाबत, तेथील उद्योगाशी सान व खोई लोकांचा करार झाला. या वेळी वाटा स्वामित्वशुल्काच्या अंशाचा नव्हता; शेतावरून निघणाऱ्या मालाच्या किमतीच्या दीड टक्का, असा तो ठरला.